घट्ट होण्याआधीची दहा मिनिटं

सोबत काहीच घ्यायचं नाही. नखं थोडी वाढलेली असली तर बरं, कारण ज्या दगडाच्या मागे तुम्ही निघाला आहात तो नखाने ओरखडतो. जिप्सम त्याचं नाव. प्रवासाची अट एकच: ज्या काळात तुम्ही उतराल तिथे कुणीतरी पांढरी भुकटी पाण्यात कालवत असेल, आणि तो माल घट्ट होईपर्यंतच तुम्हाला तिथे थांबता येईल. दहा मिनिटं, फार तर वीस.

पहिला मुक्काम नाईलच्या काठी. इसवी सनापूर्वी १३४५च्या आसपासचं अमार्ना, राजा अखेनातेनची राजधानी. तुम्ही शिल्पकार थुतमोसच्या कार्यशाळेत उभे आहात. बाहेर ऊन मी म्हणतंय. कोपऱ्यात वाळक्या जळणावर पांढरट दगडाचे तुकडे भाजायला ठेवलेत आणि ती आच बघून तुम्हाला नवल वाटतं. एवढ्याशा जाळावर दगड भाजतो? चुनखडी भाजायची तर नऊशे अंशांच्या आसपास तापमान लागतं, भट्टी अखंड पेटती ठेवावी लागते. जिप्समला दीडशे अंश पुरतात. जळणाची टंचाई असलेल्या या देशाने पिरॅमिडच्या चिऱ्यांमधला मसालासुद्धा जिप्समचाच केला, त्यामागे हा साधा हिशोब होता.

भिंतीशी त्याच भाजलेल्या जिप्समच्या प्लास्टरचे चेहरे मांडलेत. राजघराण्यातले असतील, दरबारी असतील. काहींचे गाल ओघळलेत, डोळ्यांखाली वळ्या आहेत. समोरच्या चौरंगावर राणीचा अर्धपुतळा. आतला गाभा चुनखडीचा, आणि त्यात ओठांच्या कडेला बारीक सुरकुत्या आहेत, नाकावर किंचित उंचवटा आहे. शिल्पकार बोटावर ओलं प्लास्टर घेतो आणि त्या सुरकुत्यांवरून फिरवतो. नाक सरळ होतं. खांदे भरले जातात. तुम्ही बघताय ते पुढे २००६मध्ये बर्लिनच्या डॉक्टरांना सीटी स्कॅनच्या पडद्यावर दिसणार आहे. १९१२च्या डिसेंबरात लुडविग बोरखार्ट याच जागी वाळूतून हा पुतळा काढेल आणि नेफरतितीच्या निर्दोष चेहऱ्यावर जग भाळेल. त्या निर्दोषपणाचा वरचा थर जिप्समचा आहे. शिल्पकाराच्या बोटावरचा लगदा आता ओढ खातोय, ताठ होतोय. तुमची वेळ संपली.

दुसरा मुक्काम पॅरिस, सन १७६५. मोंमार्त्रच्या टेकडीवर पवनचक्क्या फिरतायत आणि टेकडीच्या पोटात खाणी आहेत. छपराखाली दगडांच्या कमानी रचल्यात, कमानींच्या पोटात लाकडं पेटलीत. कामगारांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या. इथून भरलेल्या गाड्या शहरात उतरतात, कारण पॅरिसच्या घरांना हा गिलावा लागतो आणि तो नुसत्या शोभेसाठी लागत नाही. १६६६मध्ये लंडन जळालं. पुढच्याच वर्षी चौदाव्या लुईच्या राजवटीत हुकूम निघाला की लाकडी सांगाड्याच्या घरांवर प्लास्टर चढवायचं. त्यामागचं कारण भिंतीच्या आत दडलंय. शंभर किलो जिप्सममध्ये जवळपास एकवीस किलो पाणी बांधलेलं असतं. भिंतीला आग लागली की आधी ते पाणी वाफ होऊन निघायला लागतं, आणि ते निघून जाईस्तोवर मागचं लाकूड फारसं तापत नाही. दिसायला खडखडीत कोरडी भिंत, पण तिच्यात पाण्याचा साठा.

हे पाणी दगडात आहे, हे मोजून कुणी दाखवलं? तुम्ही आता त्याच्याच खोलीत उभे आहात. आंत्वान लाव्हाझिए, वय २१, शिक्षण वकिलीचं, ओढा खनिजांकडे. त्याने जिप्सम बंद काचपात्रात तापवलंय आणि निघालेली वाफ थंड करून थेंब थेंब जमवलीय. दगडाचं वजन आधी किती, नंतर किती, पाणी किती, सगळं तराजूत घातलंय. मग तो भाजलेली भुकटी पाण्यात सोडतो.

तुम्ही हात पुढे करता. भांडं कोमट होतंय. भाजताना दगडाने तीन चतुर्थांश पाणी सोडलं होतं. आता तो ते परत घेतोय आणि घेताना उष्णता बाहेर टाकतोय. तुम्हाला दिसत नाही, पण त्या दुधासारख्या पाण्यात सुयांसारखे असंख्य स्फटिक उगवतायत आणि बाभळीच्या काट्यांच्या जुडीसारखे एकमेकांत अडकतायत. तो गुंता म्हणजेच घट्ट होणं. आच जास्त झाली, उरलेलं पाणीही उडून गेलं तर दगड 'मरतो', मग पाणी घातलं तरी धड धरत नाही. म्हणजे सगळी मेख अर्धवट भाजण्यात आहे: पाणी निघावं, पण ओढ राहावी. २७ फेब्रुवारीला हा तरुण हे सगळं विज्ञान अकादमीपुढे वाचणार आहे. अकादमीपुढचा हा त्याचा पहिला निबंध. ज्या तराजूने पुढे जुनं रसायनशास्त्र उलटंपालटं केलं, तो तराजू जिप्समवर असा तापून निघाला.

तुम्हाला आता सूत्र सापडलंय. या खनिजाची किंमत त्याच्या घट्ट दगडपणात नाही. तो लेचापेचाच आहे. पावसात ठेवला तर झिजतो. किंमत आहे ती भुकटी आणि दगड यांच्यामधल्या त्या दहा-वीस मिनिटांना. तेवढ्या वेळात तो तुम्ही द्याल तो आकार घेतो, बारीकसारीक खाचखळगा टिपतो, आणि घट्ट होताना आक्रसण्याऐवजी किंचित फुगतो, त्यामुळे साच्याच्या कानाकोपऱ्यात जाऊन बसतो. पुढचे सगळे मुक्काम त्या मिनिटांचे आहेत.

हार्लेम, नेदरलँड्स, १८५१. लष्करी रुग्णालय. खाटेवर एक शिपाई, नडगीचं हाड मोडलेलं. मोडलेलं हाड जागच्या जागी धरून ठेवायचं कसं, यावर डॉक्टरांच्या नाकी नऊ आलेत. लाकडी फळ्या सरकतात. खळीत भिजवलेल्या पट्ट्यांची पद्धत आहे, पण ती खळ वाळायला दोन-तीन दिवस जातात, आणि तेवढ्यात बसवलेलं हाड पुन्हा हलतं. लष्करी शल्यचिकित्सक आंतोनियुस मातेइसेन सुती कापडाच्या पट्ट्या घेतो आणि त्यांच्यात कोरडं प्लास्टर हाताने चोळून चोळून भरतो. पट्टी पायाभोवती गुंडाळायची, वरून ओला स्पंज फिरवायचा. बस्स. शिपाई दचकतो, पाय गरम लागतोय. तुम्हाला कारण माहीत आहे, त्याला नाही. काही मिनिटांत पट्टीवर टिचकी मारली की टणक आवाज येतो.

दोन-तीन वर्षांत क्रिमियाचं युद्ध पेटतं. सेव्हस्तोपोलच्या वेढ्यात निकोलाय पिरोगोव्ह हा रशियन शल्यचिकित्सक जखमींचे हातपाय प्लास्टरमध्ये धरतो. त्याला ही कल्पना एका शिल्पकाराच्या कामावरून सुचली होती. तोवर गोळी लागून हाड फुटलं की अवयव कापणं हाच ठरलेला उपाय होता. आता त्यातले काही हात, काही पाय शाबूत घरी जाऊ लागले. शिल्पकाराच्या आणि डॉक्टरच्या घमेल्यात माल एकच होता.

पॉम्पेई, फेब्रुवारी १८६३. इथे फार वेळ थांबवत नाही. सन ७९मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली माणसं गाडली गेली. राख घट्ट झाली, देह कुजून गेले, आणि त्यांच्या आकाराच्या पोकळ्या तेवढ्या उरल्या. पुरातत्त्वज्ञ जुझेप्पे फिओरेल्लीची माणसं अशा एका पोकळीला भोक पाडून आत पातळ प्लास्टर ओततायत. ते घट्ट झाल्यावर भोवतालची राख खरवडतात. आधी कोपर दिसतं. मग अंगावरच्या कपड्याची चुणी. अठराशे वर्षांपूर्वी कुणी कुठल्या बाजूला कलंडलं, ते जिप्समने जसंच्या तसं टिपून दिलं.

मुंबई, १८९६. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात झाडांखाली सावली आहे, आत ओल्या मातीचा वास. गणपतराव म्हात्रे नावाचा विद्यार्थी नऊवारीतल्या तरुणीचा पूर्णाकृती पुतळा घडवतोय: देवळाकडे निघालेली, पाऊल उचललेली. मातीच्या पुतळ्यावर प्लास्टरचा साचा घ्यायचा, माती काढून टाकायची, साच्यात पुन्हा प्लास्टर भरायचं आणि मग साचा छिन्नीने जपून फोडायचा, असं ते काम चालतं. मूळ माती त्यात जाते. म्हणून साचा फुटताना कुणी बोलत नाही. निऱ्यांची एकेक घडी बाहेर येते. प्लास्टर हा खरं तर मधला टप्पा. त्यावरून पुढे संगमरवर किंवा कांस्य व्हायचं. 'मंदिरपथगामिनी' मात्र प्लास्टरमध्येच राहिली, त्याच वर्षी बॉम्बे आर्ट सोसायटीचं रौप्यपदक मिळवून गेली आणि आधुनिक भारतीय शिल्पकलेच्या प्रत्येक इतिहासात जाऊन बसली.

आता अट मोडायची. पुढच्या ठिकाणी कुणी काही कालवत नाही, दगड भाजतही नाही.

सिंद्री, धनबादजवळ, दामोदरच्या काठी. सन १९५२. मालगाडीच्या वाघिणी राजस्थानातून आल्यात आणि त्यांत जिप्सम आहे. मूळ बेत पंजाबच्या मीठ-डोंगरांतलं जिप्सम आणायचा होता. फाळणी झाली, ते डोंगर पाकिस्तानात गेले, आणि मग वाळवंटातल्या जिप्समने निम्मा देश ओलांडून यायला सुरुवात केली. बंगालच्या दुष्काळाची जखम ताजी आहे. देशाला धान्य हवंय, धान्याला खत. नाकाला झोंबणारा वास अमोनियाचा. इथे अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडपासून अमोनियम कार्बोनेट करतात आणि त्यात दळलेलं जिप्सम घालतात. जोडीदारांची अदलाबदल होते: एका बाजूला अमोनियम सल्फेट, म्हणजे शेतात टाकायचं खत; दुसऱ्या बाजूला कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीचा पांढरा गाळ. दिवसाला सुमारे हजार टन खताची ही व्यवस्था. गाळही वाया गेला नाही, तो शेजारच्या सिमेंट कारखान्याच्या कामी आला. त्या सिमेंटमध्येही शंभर किलोंत तीन ते पाच किलो जिप्सम दळताना घालतात. ते नसेल तर सिमेंट पाणी लागताच आवळतं आणि गवंड्याला थापी फिरवायला उसंत मिळत नाही. स्वतः घाईने घट्ट होणारा हा दगड दुसऱ्याला मात्र धीर धरायला लावतो. सिंद्रीतली ही अदलाबदल ध्यानात ठेवा. पुढे तिची गरज पडणार आहे.

त्याआधी एक शेत. पावसाळ्यातला भुईमूग, फुलं येऊन गेलीत आणि आऱ्या सुटायला लागल्यात. ही हिरवट-जांभळी सुई फांदीतून निघते आणि मातीत घुसते. शेंग तिच्याच टोकाला धरते. शेतकरी वेलाच्या बुडाशी पांढरी पूड टाकत चाललाय. शिफारस हेक्टरी ४०० किलोंची, निम्मं पेरणीच्या वेळी, निम्मं आऱ्या सुटताना. शेंगेला लागणारं कॅल्शियम मुळांकडून फारसं मिळत नाही, तिला ते भोवतालच्या मातीतूनच थेट घ्यावं लागतं. कमी पडलं तर शेंगा पोचट निघतात. वर गंधक मिळतं, त्याने दाण्यातलं तेल वाढायला मदत होते. ऊसपट्ट्यातल्या चोपण जमिनीतही हेच जिप्सम कामाला येतं: त्यातलं कॅल्शियम मातीला चिकटलेल्या सोडियमला हुसकावतं, आणि निचरा असेल तर पाण्याबरोबर सोडियम निघून जातं.

इथे वाकून एक गोष्ट बघा. लिटरभर पाण्यात जेमतेम दोन ग्रॅम जिप्सम विरघळतं. शेतात हा गुण आहे. पूड एका सरीत वाहून जात नाही, आठवडेच्या आठवडे पुरते. हाच गुण पुढच्या मुक्कामी दोष ठरतो.

पेण तालुका, उन्हाळ्याचे दिवस. हमरापूर-जोहेच्या बाजूला घराघरांत गणपतीचे कारखाने आहेत. पत्र्याच्या शेडमध्ये ओळीने मूर्ती, अजून पांढऱ्या, डोळे नसलेल्या. तुम्ही उत्साहाने भुकटीच्या घमेल्यात पाणी ओतायला जाता, तोच एक मावशी हात धरतात.

"अहो दादा, पाण्यात पावडर सोडायची. पावडरीत पाणी नाय ओतायचं. गुठळ्या होतात."

त्या बादलीत पाणी घेतात, मुठीने भुकटी भुरभुरवत सोडतात, पाण्याच्या वर बेट दिसायला लागलं की थांबतात. क्षणभर भिजू देतात आणि हात तळाशी नेऊन सावकाश फिरवतात. जोरात ढवळलं तर बुडबुडे धरतात, शिवाय माल लवकर घट्ट होतो. बादलीच्या कडेला कालचं वाळलेलं प्लास्टर चिकटलेलं असेल तर तेही खरवडून काढायचं, कारण त्या जुन्या कणांवर नवे स्फटिक झपाट्याने धरतात. लाव्हाझिएच्या खोलीत जे डोळ्यांना दिसलं नव्हतं, ते मावशींच्या हाताला ठाऊक आहे.

रबरी साच्याच्या आत पातळ थर फिरतो, मग माल बुडवलेला काथ्या बसतो, साच्याचे भाग जुळतात, बांधले जातात. पंधरा-वीस मिनिटांत साचा सुटतो आणि आतून पोकळ, हलका गणपती निघतो. त्याच वेळेत शाडूची मूर्ती घडवणारा शेजारचा कारागीर अजून सोंडेच्या वळणावर आहे. त्याची मूर्ती जड होणार, वाळायला दिवस घेणार, ऊन वाकडं लागलं तर तडकणार, आणि ट्रकमधून लांब जायची तर तिचा जीव मुठीत. प्लास्टरने मूर्ती हलकी केली, स्वस्त केली, उंच केली, आणि वर्षभराच्या रोजगाराची सोय केली. पेणच्या कारागिराला नावं ठेवण्याआधी ही पंधरा मिनिटं त्याच्या बाजूने मोजायला हवीत.

पण भाद्रपदात ती मूर्ती पाण्यात उतरते. शाडू विरघळतो. जिप्सम? त्याला हवं तेवढं पाणी त्याने घमेल्यातच परत घेतलंय. आता त्याला आणखी नको. लिटरला दोन ग्रॅम हीच त्याची मर्यादा. शिवाय वर रंगाचा थर. दुसऱ्या दिवशी ओहोटीला किनाऱ्यावर जे अर्धवट अवयव दिसतात, ते बघून कुणाचीही मान खाली जावी. २०२०च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टरच्या मूर्तींना नकार दिला. जून २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवायला वाट मोकळी केली, मात्र नैसर्गिक जलाशयात विसर्जनाला नाही. मधल्या काळात शाडूवाले आणि प्लास्टरवाले असे दोन तट पडले, मोर्चे निघाले, आणि दर गणपतीला तोच वाद नव्याने उकरला जातो.

शेवटचा मुक्काम पुणे, एका सोसायटीचं आवार. निळ्या पिंपात पाणी, त्यात बेकरीत वापरतात तो अमोनियम बायकार्बोनेट, साधारण मूर्तीच्या वजनाइतका. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेली आणि पुणे महापालिकेने घरोघर पोचवलेली ही पद्धत. मूर्ती बुडते. बारीक फसफस सुरू होते, नाकाला वास झोंबतो. ओळखलात? सिंद्री. तीच अदलाबदल. अधूनमधून ढवळत राहिलं तर दोनेक दिवसांत मूर्ती खाली बसते. वर अमोनियम सल्फेटचं पाणी, जे पातळ करून झाडांना घालता येतं, आणि तळाशी चुनखडीचा गाळ.

म्हणजे जो प्रश्न न सुटणारा म्हणून आपण वर्षानुवर्षं कुरवाळत बसलो, त्याचं रसायनशास्त्र या देशाने १९५०च्या दशकात हजारो टनांच्या मापाने चालवून दाखवलेलं होतं. अडतं ते रसायनाशी नाही. घरगुती मूर्तीला एक पिंप पुरतं. मंडळाच्या पंधरा फुटी मूर्तीला मोठा हौद लागतो, बायकार्बोनेटच्या गोणी लागतात, तळाचा गाळ उचलणारी गाडी लागते, आणि ते खताचं पाणी व तो गाळ विकत घेणारं गिऱ्हाईक लागतं. हे सगळं अनंत चतुर्दशीच्या रात्री सुचून उपयोगाचं नाही. मूर्तीची नोंदणी होते तेव्हाच ती विरघळवण्याचा खर्च कोण देणार आणि हौद कुठे असणार, हे पावतीवर लिहिलेलं हवं. घडवायला पंधरा मिनिटं घेणाऱ्या या दगडाला मोडायला दोन दिवस लागतात. त्या दोन दिवसांची सोय आधी लावली, तर पेणच्या मावशींचा रोजगारही राहील आणि खाडीही.